अकरा मेची नोंद

सिडको, नाशिक
२४ मार्च २०२४

बद्रुभाई यांस नमस्कार,

तुमचं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. आमच्या उत्तराला वाचून दाखवलं. कांद्याच्या चाळीवर चढून तुम्ही स्वतः पत्रा बसवलात हे ऐकून ती म्हणाली, "अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस पडल्याशिवाय राहायचा नाही." तसंच लिहा म्हणाली, म्हणून लिहिलं.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आम्ही दवाखान्याच्या फेऱ्यांत होतो. फोनवर सांगावं तर तुमचे कान बॉयलर हाऊसने नेले. म्हणून नेहमीसारखं सविस्तर लिहितो.

जेवणानंतर तिच्या पोटात दुखायचं, त्यासाठी सोनोग्राफी केली. पित्ताशयात दोन बारीक खडे निघाले. त्याचं विशेष काही नाही म्हणाले. पण डाव्या मूत्रपिंडाच्या वर काहीतरी दिसलं म्हणून सीटी स्कॅन करायला लावलं. तिथे ॲड्रिनल नावाची लहानशी ग्रंथी असते, मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली. त्या ग्रंथीत गाठ आहे. साडेचार सेंटीमीटर. घरी येऊन मी पट्टीवर मोजून बघितलं. लिंबाएवढी होते.

डॉक्टर म्हणाले, अशा बहुतेक गाठी नुसत्या बसून असतात, माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही. थोड्या कॅन्सरच्या निघतात. आणि काहींमधून एक रस रक्तात सुटतो, त्याने बी.पी. एकदम वर जातं. त्यांचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे. "गाठ केवढी आहे ते फोटोत दिसतं. ती काय करते ते फोटोत दिसत नाही."

ते कळण्यासाठी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, घरी बी.पी. मोजून वहीत लिहायचं. दुसरी, चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमा करून लॅबला द्यायची. तो कॅन तोवर थंड जागी, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायचा. इथे गाडी अडली आहे. उत्तरा म्हणते, "त्यात दूध असतं, देवाचा नैवेद्य असतो. आधी मला घराबाहेर काढा, मग ते आत ठेवा." तुम्हाला तिचा स्वभाव माहीत आहे.

आणखी एक. गेली चार-पाच वर्षं ती मध्येच ओट्याशी उभी असताना पांढरी पडते. कपाळावर घाम येतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं. वीस मिनिटांत सगळं जातं आणि ती पुन्हा कणीक मळायला लागते. डॉक्टरांनी विचारलं, तर "पित्त आहे" म्हणाली. तिच्यासमोर मी काही बोललो नाही.

गाठ हा शब्द ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. तुम्हाला काय वाटतं, ते लिहा. श्रेयसला पुण्याला अजून कळवलेलं नाही.

आपला,
शेखर


चांदवड
३ एप्रिल २०२४

शेखर, सलाम.

रोजे चालू आहेत, त्यात ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. तरी तुझं पत्र आलं तसं लगेच लिहायला बसलो.

तू उगीच घाबरतोस. तुझी जुनी सवय आहे. नवीन लागलास तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह नुसता फुसफुसला तरी तू दाराकडे बघायचास. अरे, गाठीचं काही नसतं. माझ्या मानेवर मागे एक आहे, तू पाहिली आहेस, सुपारीएवढी होती ती आता अक्रोडाएवढी झाली. वीस वर्षं झाली. न्हावी तिच्या कडेने वस्तरा फिरवतो, एवढाच तिचा त्रास. डॉक्टर स्वतः म्हणाले ना की बहुतेक नुसत्या बसून असतात? मग वहिनींचीही बसून असेल. पाच वर्षं पित्त, तर पित्तच असेल. त्यांना सांग, शेंगदाणे कमी खा.

वही मात्र नीट ठेव. तुला शिकवायची गरज नाही. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी. तारीख, वेळ, आकडा, शेवटी सही. आकडा चुकला तर गिरवायचा नाही आणि खोडरबर लावायचं नाही. एक रेघ, खालचं वाचता येईल अशी, बाजूला खरा आकडा, आणि वर शिफ्ट इन्चार्जची सही. इन्चार्ज मी होतो, आता वहिनी आहेत. त्यांची घे.

त्या कॅनसाठी थर्माकोलची पेटी आण, बर्फ टाक, बाल्कनीत ठेव. फ्रीज बाटणार नाही आणि घरात भांडणही नाही. उजमा, माझी सून, इथे मेडिकलच्या दुकानात बसते. ती म्हणाली असं चालतं.

वहिनींना सांग, पत्रा पक्का बसला आणि मी पडलो नाही. ईदला शिरखुर्म्याचं सामान कोणाबरोबर तरी पाठवतो.

बद्रुद्दीन


सिडको, नाशिक
१९ मे २०२४

बद्रुभाई यांस नमस्कार,

शिरखुर्म्याचं सामान पोचलं होतं. उत्तराने केला, पण तुमच्या घरच्यासारखा झाला नाही असं तीच म्हणाली. पत्राला उत्तर द्यायला फार उशीर केला, माफ करा. तुमचं पत्र वाचून मन हलकं झालं होतं. खरं सांगायचं तर ते दोनदा वाचलं.

वही सुरू करून सहा आठवडे झाले. एकही दिवस चुकलेला नाही. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री आठ. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं की पाच मिनिटं शांत बसवायचं, बोलू द्यायचं नाही, मगच पट्टा बांधायचा. तसंच करतो. ती म्हणते, "चाळीस वर्षांत तुम्ही मला एवढं गप्प कधी बसवलं नव्हतं."

आकडे तुमच्या माहितीसाठी देतो. एप्रिलमध्ये १३२/८४, १३६/८६, १३०/८४, असेच सगळे. मे महिन्यात थोडे वर, १३८ पर्यंत. कुठे उडी नाही. पान समोर धरलं की आपल्या लॉगशीटसारखं दिसतं. तिला तो पित्ताचा त्रास होतो तेव्हा मी मोजत नाही, ती पूर्ण शांत झाली की मोजतो. तुम्हीच शिकवलं होतं की काटा नाचत असताना आकडा लिहायचा नाही, बसू द्यायचा.

मध्ये एकदा मशीन बिघडलं होतं. अकरा तारखेला सकाळी भलताच आकडा दाखवला. सेल बदलले, अर्ध्या तासाने पुन्हा घेतलं तर १३८/८६ आलं. तेव्हापासून ठीक चालतं.

परवा डॉक्टरांना वही दाखवली. आकडे चांगले आहेत म्हणाले. वहीचं अक्षर बघून त्यांनी विचारलं, "कुठे नोकरीला होतात?" मी सांगितलं, सातपूरला, कारखान्याच्या बॉयलरवर, बद्रुद्दीनभाईंच्या हाताखाली तेवीस वर्षं.

लघवीची तपासणी अजून राहिली आहे. थर्माकोलची पेटी आणली होती. पण बाल्कनीत शेजारच्या कुसाबाई दिवसभर वाळवणं घालायला येतात, त्यांना दिसेल म्हणून उत्तराने पेटीत आंबे भरले. आंब्यांचे दिवस संपले की करू म्हणते. आकडे बरोबर आहेत, तेव्हा मीही जास्त बोललो नाही.

चाळीत कांदा किती ठेवला आणि किती विकला, ते कळवा.

आपला,
शेखर


चांदवड
१ जून २०२४

शेखर,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. कांदा भरायची गडबड होती, वाचून खिशात ठेवलं. काल सदरा धुवायला टाकताना पुन्हा हातात आलं आणि पुन्हा वाचलं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

भलताच आकडा म्हणजे किती?

अकरा तारखेला सकाळी वहिनी कशा होत्या? शांत बसल्या होत्या की त्यांना तो त्रास चालू होता? आणि त्या ओळीत तू काय लिहिलंस?

हे उजमाला वाचून दाखवलं. ती हातातलं काम ठेवून माझ्याजवळ आली आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, "अब्बा, त्रास चालू असतानाच मोजायचं असतं. नंतर मोजून काय उपयोग?" ती म्हणते, त्या गाठीचा रस सुटतो तेव्हाच दाब चढतो, आणि मग उतरतो. माणूस शांत झाल्यावर आकडा नेहमीचाच येणार.

मी तुला काटा बसू दे म्हणायचो ते कशासाठी, तुला माहीत आहे. काटा नाचताना लिहिलं की सकाळी साहेब कारण विचारायचे. कारण द्यायला लागू नये म्हणून आपण मधला आकडा लिहायचो. ती बॉयलरची गोष्ट होती. तेव्हा काही झालं नाही, ते आपलं नशीब.

कालपासून उजमाकडून तुला चार वेळा फोन लावला, बंद येतो. मशीन बिघडलं असेल तर चांगलंच आहे. पण बिघडलेलं मशीन नुसते सेल बदलून दुरुस्त होतं का, याचा विचार कर. पत्र मिळाल्याबरोबर वहिनींना घेऊन डॉक्टरांकडे जा. तो आकडा त्यांना सांग. उद्यावर टाकू नकोस.

बद्रुद्दीन


सिडको, नाशिक
१४ जुलै २०२४

बद्रुभाई यांस,

दहाव्याला तुम्ही आलात. दोन तास माझ्याजवळ बसलात. मी काही बोललो नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल. घरात माणसं होती, आणि तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागतं. हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितो.

तुम्ही विचारलं होतं, भलताच आकडा म्हणजे किती. २२६/१२४.

अकरा मेला सकाळी पावणेसात वाजले होते. तिला त्रास सुरू झाला होता, पण मला ते कळलं नाही. सातची वेळ जवळ आली म्हणून मी पट्टा बांधला. आकडा बघितला आणि मशीनच्या पाठीवर दोन थपडा मारल्या. तिच्याकडे नंतर बघितलं. ती भिंतीला डोकं टेकून बसली होती, ओठ पांढरे झाले होते. म्हणाली, "किती आलं?" मी म्हणालो, "मशीन बिघडलंय." ती म्हणाली, "मग ठीक आहे." मी खाली जाऊन सेल आणले. परत आलो तोवर ती उठून चहा ठेवत होती. तेव्हा जो आकडा आला तो लिहिला, आणि वेळ सातची टाकली.

आणखी एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. डॉक्टर नुसतं "आकडे चांगले आहेत" एवढंच म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "आकडे चांगले आहेत, पण मी एवढ्यावर विसंबणार नाही. ती तपासणी या आठवड्यात करा." हे पुढचं मी तुम्हाला लिहिलं नाही. उत्तरालाही घरी आल्यावर आठवण करून दिली नाही. वहीचं त्यांनी कौतुक केलं, तेवढंच घेऊन मी घरी आलो.

तीस मेला सकाळी ती ओट्याशी खाली बसली. "डोकं," एवढंच म्हणाली. मी पाणी आणलं. तिचा उजवा हात उचलला जात नव्हता. रावजींनी, म्हणजे कुसाबाईंच्या मालकांनी, रिक्षा आणली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. माझा फोन घरी राहिला होता आणि त्याची बॅटरी संपली होती. तुमचे चार फोन त्यावरच आले असतील.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी बी.पी. कधी एवढं गेलं होतं का?" मी नाही म्हणालो. मग पिशवीतून वही काढून पुढे केली. त्यांनी पानं उलटली. दोन वेळा उलटली. म्हणाले, "फार व्यवस्थित ठेवली आहे." आणि परत दिली.

तिच्या पलंगामागे स्क्रीन होता. आकडा १८० व्हायचा, २१० व्हायचा, मग एकदम ११० वर यायचा. तिथे एक नर्स होती, शाळेतल्या मुलीसारखी, दोन वेण्यांची. ती दर पंधरा मिनिटांनी यायची आणि स्क्रीनवर जे असेल ते लिहायची. थांबायची नाही. २१० असेल तर २१०. मी पाच दिवस ते बघत बसलो.

पाच जूनला रावजींनी डब्याबरोबर टपाल आणून दिलं. तुमचं पत्र मी बाहेरच्या बाकावर वाचलं. मग आत जाऊन डॉक्टरांना अकरा मेचं सांगितलं. ते रागावले नाहीत. लगेच औषधं बदलली आणि रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. रिपोर्ट सात तारखेला रात्री आला. तो रस नेहमीच्या चौदा पट होता. आठ तारखेला पहाटे ती गेली.

मी नंतर विचारलं, आधी कळलं असतं तर? ते सांगायला तयार नव्हते. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, दोन-तीन आठवडे गोळ्या देऊन दाब ताब्यात आणतात, मग गाठ काढून टाकतात. बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. कॅन्सरही नसतो तो बहुधा. गाठ साधीच होती, काका, असं म्हणाले.

श्रेयसला यातलं काही माहीत नाही. तो लोकांना सांगतो, "बाबांनी इतकं सांभाळलं, रोज तीन वेळा बी.पी. मोजायचे." मी तिथून उठून जातो. रामकुंडावर अस्थी सोडतानाही गुरुजींना त्याने तेच सांगितलं.

फ्रीजमध्ये अजून तिने लावलेलं दही आहे. थर्माकोलच्या पेटीत चार आंबे होते, ते नासले.

या पत्राबरोबर वही पाठवतो. अकरा मेच्या ओळीवर मी एक रेघ मारली आहे. १३८/८६ खाली वाचता येतं. बाजूला २२६/१२४ लिहिलं आहे आणि वेळ पावणेसात. माझी सही आहे. इन्चार्जची जागा रिकामी आहे. तिथे सही करायला ती नाही. तुम्ही करावी, अशी विनंती आहे. वही तशीच राहिली तर श्रेयस ती जपून ठेवील, आणि माझ्यामागे खोटी वही राहील.

आपला,
शेखर


चांदवड
२२ जुलै २०२४

शेखर,

वही मिळाली. तीन दिवस उघडली नाही. आज जुम्म्याची... नाही, आज सोमवार आहे. मला वार आठवत नाहीत अलीकडे.

उजमाने वही पहिल्या पानापासून बघितली. मग चहा न पिता उठली.

सही केली आहे. तारीख आजची टाकली, कारण मागची टाकणं बरोबर नाही. पण सही करताना वाटलं की या ओळीवर नुसती तुझी रेघ पुरत नाही. नवीन पोराला पहिल्या आठवड्यात काय शिकवायचं, ते इन्चार्ज ठरवतो. काटा बसू दे, हे तुला मी शिकवलं. तू एकोणतीस वर्षांचा होतास. मी सांगितलेलं तू कधी मोडलं नाहीस, म्हणून मी सगळ्यांना तुझं नाव सांगायचो.

तुझं मेचं पत्र आठवडाभर माझ्या खिशात होतं, हे मी तुला लिहिलं होतं. तू त्याबद्दल एक शब्द काढला नाहीस. दिवस मोजायला मलाही येतात. त्याच दिवशी लिहिलं असतं तर तुला ते तीस मेच्या आत मिळालं असतं.

वहिनी म्हणाल्या होत्या, हा माणूस पडेल. मी पडलो नाही. चाळीकडे बघितलं की ते आठवतं.

श्रेयसला सांग. आज नाही तर दिवाळीत, पण तुझ्या तोंडून सांग. हवं तर मी शेजारी बसेन. मला ऐकू येणार नाही, तू हळू बोललास तरी चालेल.

आणि एक काम कर. माझं तीन एप्रिलचं पत्र तुझ्याकडे असेल, तू फेकत नाहीस. त्यात मी लिहिलं होतं की गाठीचं काही नसतं. दोनदा वाचलंस ते. ती ओळ खोडू नकोस, फाडू नकोस. तिच्यावर एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. बाजूला काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही. रविवारी सकाळच्या बसने वही घेऊन येतो. तोवर सुचलं तर तिथे बसून लिहीन. नाही सुचलं तरी सही करीन.

बद्रुद्दीन